पाटाच्या पाण्याचं मूळ डोंगरात

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात चार शेतकरी भेटले, की घोडच्या आवर्तनाचा विषय निघतोच. पाणी कधी सुटणार, टेलला पोचणार का? पण हे पाणी मुळात येतं कुठून, हेही पाहिलं पाहिजे.

घोड नदी उगम पावते आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या डोंगरात. तिथल्या रानातले ओढे लहान लहान धबधब्यांनी खाली उतरतात, डिंभे धरणात येतात, पुढे चिंचणीला. झाडाखालचा पालापाचोळा पाऊस झेलतो, जमिनीत मुरवतो. म्हणून पाऊस उघडल्यावरही धबधब्याला निवळ धार राहते. झाडी तुटली, की तोच ओढा चार दिवस गढूळ लोंढा आणतो अन् आटतो. माती धरणात बसते, साठा घटतो. पहिला फटका टेलच्या शेतकऱ्याला.

आहुपेकरांनी देवराई राखली. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं. वरच्यांनी झाड राखायचं आणि आपण उसाला मोकाट पाणी सोडायचं, हा न्याय नव्हे. रानात पाचोळा जे काम करतो, तेच शेतात पाचट करतं. तेव्हा शेतकरी बंधूंनो, यंदा पाचट पेटवू नका. सरीत कुजवा, ओल टिकवा.