उचल कुणी कुणाला द्यायची?

‘पोरगं बारावी सायन्सला आहे ना? मग पायलट करा त्याला. देशाला तीस हजार पायलट लागणार आहेत.’ हा सल्ला हल्ली शिरूर-दौंड पट्ट्यात लग्नाच्या मांडवातही फुकट मिळतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे ज्यांच्या जमिनीला भाव आला, त्यांच्या हाती थोडा पैसा आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानंही फार लांब नाहीत. पोरगं विमानाकडे बघतं, बाप पोराकडे बघतो आणि बँकेचा माणूस बापाच्या सातबाऱ्याकडे.

तीस हजारांचा आकडा हवेतला नाही. येत्या पंधरा ते वीस वर्षांत एवढे पायलट लागतील, असं केंद्रीय मंत्री राममोहन नायडू यांनीच सांगितलं आहे. फक्त भागाकार कुणी करत नाही. वीस वर्षांनी भागा, वर्षाला दीड हजार येतात. पंधराने भागा, दोन हजार. आणि २०२३ या एकाच वर्षात डीजीसीए या विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने १,६२२ कमर्शियल पायलट लायसन्स दिली. म्हणजे लागणारे आणि तयार होणारे आजच जवळपास तोडीस तोड आहेत. खरी टंचाई आहे ती कॅप्टनची, आणि त्याच्या एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी दीड हजार तासांचं उड्डाण लागतं. २०० तास भरून लायसन्स घेतलेल्या नव्या पोराची टंचाई नाही, रांग आहे. या रांगेत येईपर्यंत घरातून पन्नास लाखांच्या वर गेलेले असतात. एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता, घ्यायचं तर आणखी दहा-पंधरा लाखांची तजवीज करावी लागते.

मोठ्या एअरलाइनचं दार उघडलं नाही, की हा मुलगा लहान कंपन्यांकडे वळतो. कुठे चार्टर, कुठे हेलिकॉप्टर, कुठे एअर ॲम्ब्युलन्स, नाहीतर फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर. तिथे त्याला जे ऐकवलं जातं, त्याच्याशी माझं भांडण आहे. ‘पगाराचं नंतर बघू, तास तर मिळतायत! तास हेच तुझं भांडवल.’ ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण ते तास हवेतून पडत नाहीत. पायलट एक तास उडतो तेव्हा कंपनीने त्या तासाचं बिल कुणाला तरी लावलेलं असतं. विद्यार्थी पैसे भरतो, चार्टर घेणारा पैसे भरतो. ज्या तासाचे पैसे कंपनीला मिळाले, तोच तास पायलटावर उपकार म्हणून दाखवायचा, हे कोणत्या हिशेबात बसतं? पायलटाची लॉगबुक उघडून बघा. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, ड्युअल की पायलट-इन-कमांड, दिवसाचे तास, रात्रीचे तास आणि पानाच्या तळाशी बेरीज. पगाराला त्यात रकाना नाही, म्हणून पगार नसला तरी चालतो असं नव्हे.

दौंड-शिरूरच्या माणसाला हे सांगायला साखर कारखान्याचं उदाहरण पुरे. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर बांधली जाते. ही पद्धत वाईट आहे यात शंका नाही, पण निदान उचल तरी मजुराच्या हातात पडते. पायलटाच्या बाबतीत गंगा उलटी वाहते. काही ठिकाणी टाइप रेटिंगचा खर्च त्यानेच करायचा, वर दोन-तीन वर्षांच्या बाँडवर सही, सोबत पोस्ट-डेटेड चेक. म्हणजे उचल देणाराही तोच आणि बांधला जाणाराही तोच. मुकादमालाही हे सुचलं नव्हतं!

इन्स्ट्रक्टरची गोष्ट तर दोन कोसांवरची आहे. फ्लाइंग स्कूलमध्ये पगार पुष्कळदा उड्डाणाच्या तासावर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की विमानं हँगरमध्ये आणि इन्स्ट्रक्टर खुर्चीवर. सकाळी सहाला हजर राहायचं, आभाळाकडे बघत बसायचं आणि संध्याकाळी शून्य तास लिहून घरी जायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडबर्ड संस्थेची दोन शिकाऊ विमानं बारामती परिसरात चार दिवसांच्या आत, १९ आणि २२ तारखेला कोसळली. डीजीसीएने संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. ते योग्यच झालं. पण अशा वेळी तासावर जगणाऱ्या माणसाचं मीटरही तिथेच थांबतं, याची नोंद कुणी घेत नाही. पुढे २०२५ मध्ये डीजीसीएने फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या यादीत एकही संस्था ‘अ’ श्रेणीत बसली नाही. शिकवणाऱ्याला काय मिळतं हे त्या श्रेणीत मोजलं, तर यादी आणखी खाली घसरेल असा माझा अंदाज आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. ‘लाखांत पगार घेणाऱ्यांनी कसली गाऱ्हाणी मांडायची?’ लाखांत पगार मोठ्या एअरलाइनच्या कॅप्टनला असतो, आणि तोही कंपनी जिवंत असेपर्यंत. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. उडान योजनेत डिसेंबर २०१७ पासून जळगाव-नाशिककरांना मुंबईला नेणाऱ्या एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. मोठ्यांच्या पायलटांकडे निदान संख्याबळ असतं. विस्तारा एअरलाइनमध्ये पगाराच्या खात्रीच्या सत्तर तासांचे चाळीस झाले, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये उड्डाणं रद्द झाली आणि देशभर बातमी झाली. चार विमानांच्या कंपनीत सहा पायलटांचा पगार तीन महिने थकला, तर ती बातमी कोण छापणार? आणि सोडून जायचं म्हटलं तर नोटीस आहेच. विमान कंपनीतल्या कॅप्टनला वर्षभर आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, हा डीजीसीएचा २०१७ चा नियम. एखाद्या मालाची खरोखर टंचाई असली तर त्याचा भाव वाढतो. इथे भाव वाढण्याऐवजी दाराला कडी लागते.

पण पैशाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. शाळेच्या मैदानावर फक्कीने काढलेला ‘एच’, धूळ बसावी म्हणून टँकरने मारलेलं पाणी, कुंपणाला लटकलेली पोरं आणि हेलिकॉप्टरच्या सावलीत उभा असलेला पायलट. सभा दीड तास उशिरा सुरू झालेली. सूर्य सहाच्या आत बुडणार आणि अशा कच्च्या हेलिपॅडवरून अंधारात उडता येत नाही. पायलट घड्याळ दाखवतो, कार्यकर्ता म्हणतो, ‘साहेब, पाचच मिनिटं.’ पंधरा मिनिटांनी तोच पुन्हा म्हणतो, ‘पाचच मिनिटं.’ त्या वेळी पायलटाने शांतपणे सांगायचं असतं, ‘आता नाही. मुक्काम करा किंवा गाडीने जा.’ सगळी विमान सुरक्षा या एका वाक्यावर उभी आहे. आता हे वाक्य कोण उच्चारू शकेल ते सांगा. ज्याचे चेक कंपनीच्या कपाटात आहेत, ज्याच्या बापाचा सातबारा बँकेत आहे आणि ज्याला ‘तुझ्या जागेवर शंभर उभे आहेत’ असं रोज ऐकवलं जातं, तो?

२ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी धुक्यात बावधनला हेलिकॉप्टर कोसळलं. दोन पायलट आणि एक इंजिनिअर गेले. जुहूहून एका नेत्याला घ्यायला ते निघाले होते. २८ जून २०१८ ला घाटकोपरला चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान पडलं. त्या महिला पायलटच्या पतीने तेव्हा माध्यमांना सांगितलं होतं, की खराब हवेमुळे आज उड्डाण होणार नाही असं ती म्हणाली होती. कोणत्या अपघाताचं खरं कारण काय, हे ठरवणं तपास यंत्रणेचं काम आहे. मी ते इथे ठरवत नाही. मात्र तपासात इंजिनाचे सुटे भाग जितक्या बारकाईने तपासले जातात, तितक्याच बारकाईने पायलटाचा करार तपासला जावा, ही मागणी अवाजवी नाही.

शेवटचा आक्षेप कंपन्यांचा असतो: एवढे नियम लावले तर आम्ही बंद पडू. इंडिगोसारखी देशातली सर्वांत मोठी एअरलाइनही डिसेंबर २०२५ मध्ये नियमांचंच रडगाणं गात होती. आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तासांची विश्रांती आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तयारी केली नाही, हजारो प्रवासी विमानतळांवर अडकले आणि सवलत मिळाली ती कंपनीला. जिच्याकडे हजारो पायलट आहेत तिची ही तऱ्हा, तर दोन पायलटांवर चालणाऱ्या चार्टर कंपनीत विश्रांतीचे तास कागदावर कसे बसवले जात असतील याची कल्पना करा. हेलिकॉप्टरच्या तासाला लाखाच्या वर भाडं घेणाऱ्याला पायलटाचा नियमित पगार परवडत नसेल, तर त्याचा धंदाच मुळात परवडत नाही. डिझेलचे पैसे नाहीत म्हणून रॉकेल घालून एसटी चालवा, असं कुणी म्हणत नाही.

बाँडला माझा विरोध नाही. कंपनीने टाइप रेटिंगचा खर्च स्वतः करावा आणि त्या बदल्यात दोन वर्षं मागावीत. हा सरळ सौदा झाला. दर सहा महिन्यांनी बाँडची रक्कम कमी होत जावी. मूळ गुणपत्रिका आणि कोरे चेक ठेवून घेण्यावर बंदी हवी. हवा खराब असली तरी मिळेल असा किमान तासांचा पगार इन्स्ट्रक्टरला हवा. डीजीसीएचं पथक देखभालीच्या नोंदी तपासायला जातं, तेव्हा शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवरही त्याने नजर टाकावी. तेवढ्यासाठी अर्धा तास जास्त लागेल. पायलट हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ ठरतो, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने दिला आहे. ज्यांना गणवेशावरच्या पट्ट्यांमुळे कामगार म्हणवून घ्यायचा संकोच वाटतो, त्यांनी तो सोडलेला बरा.

आणि शिरूर-दौंडच्या बापाला एवढंच: करारावर सही करण्याआधी, गेल्या वर्षी ती कंपनी सोडून गेलेल्या एखाद्या पायलटाचा फोन नंबर मागा. कंपनी देणार नाही. बारामतीला एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर दोन दिवस बसलात, तर मिळेल.