आजार जन्मभराचा, मदतीला मात्र मर्यादा

‘पॉम्पे’ या आनुवंशिक स्नायुविकारावरील ‘अल्ग्लुकोसिडेज अल्फा’ या औषधाचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. त्याआधी एप्रिल २०२३ पासून, दुर्मीळ आजारांसाठी रुग्णाने स्वतःच्या वापराकरिता आयात केलेल्या औषधांचे मूळ सीमाशुल्क माफ झाले होते. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण रुग्णाच्या घरचा मुख्य प्रश्न त्यांनी सुटत नाही.

आधी आजार समजून घेऊ. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. पेशीतील लयकारिकांमध्ये गेलेले ग्लायकोजेन मोडण्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. ते कमी पडले की ग्लायकोजेन साचत जाते आणि स्नायू निकामी होऊ लागतात. आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तान्ह्या बाळात हृदय मोठे होते, अंग लुळे पडते. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे वर्षभरही जगत नाहीत. मोठ्या वयात आजार हळूहळू वाढतो. जिना चढणे, जमिनीवरून उठणे जड जाते, उताणे झोपल्यावर धाप लागते. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून वर्षे निघून जातात. वास्तविक, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरूनही विकराची प्राथमिक तपासणी होते.

बाहेरून विकर देण्याचा उपचार २००६ पासून उपलब्ध आहे. आजार त्याने मुळातून जात नाही. दर दोन आठवड्यांनी, जन्मभर शिरेतून औषध द्यावे लागते. नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिग्रॅम आणि एका कुपीत ५० मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला वर्षाला १०४ कुप्या, तर २५ किलोचे झाल्यावर २६० कुप्या. मूल वाढते तसा खर्चही वाढतो.

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पेचा समावेश आहे. मे २०२२ पासून प्रति रुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ती मर्यादा संपल्यावर काय, हाच खरा पेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारण्याचे आणि ५० लाखांची अट लवचीक ठेवण्याचे निर्देश दिले. केंद्राने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

ही मदत निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. करंजाडे वसाहतीतल्या कुटुंबाने तिथे उपचार घ्यायचे ठरवले, तर आधी पनवेल स्थानक, मग हार्बरने कुर्ला आणि गाडी बदलून परळ. वर्षाला अशा २६ फेऱ्या, कडेवर अशक्त मूल आणि दर वेळी बुडणारा रोज.

म्हणून करसवलतीपुढे जायला हवे. मदत वजन आणि उपचाराला मिळणारा प्रतिसाद पाहून दरवर्षी ठरावी. औषध देताना ॲलर्जीचा धोका असतो. पण प्रशिक्षित कर्मचारी दिले आणि पहिले डोस केंद्रात सुरळीत पार पडले, तर पुढचे पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातही देता येतील. सुरू झालेला उपचार पैशांअभावी थांबला, तर स्नायूंनी कमावलेली ताकद पुन्हा जाते. आधी खर्च झालेले लाखो रुपयेही मग वाया गेल्यासारखेच.