ताट वेगळं, सुई एकच!

गावात कावीळ म्हटली की गळ्यात माळ पडते. हिपॅटायटिस सी हे नाव तिथं फारसं पोचलेलंच नाही. हा विषाणू रक्तातून शिरतो, वर्षानुवर्षं गप्प राहून यकृत पोखरतो. डोळे पिवळे नाहीत म्हणजे रोग नाही, असं माणूस समजतो. इथंच तो फसतो.

रोग कळला की घरचेच त्याचा पेला वेगळा ठेवतात. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या बापजाद्यांनी तो भोगलाय! पण हा रोग सोबत जेवल्यानं होत नाही. होतो तो दुसऱ्याला टोचलेल्या सुईनं, गोंदणाच्या सुईनं, न तपासलेल्या रक्तानं. ताट वेगळं केलं, सुई मात्र एकच राहिली.

‘पेशंट अडाणी’ म्हणणाऱ्यांनो, त्याला सांगितलंय कुणी? २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी अन् गोळ्या फुकट आहेत. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात. शंभरातले नव्वदाहून जास्त बरे होतात. लस मात्र नाही.

गावी जाल तेव्हा हे सांगा. नवी सुई डोळ्यांदेखत फोडायला लावा. ती भीक नाही, हक्क आहे.