डिकी बंद करू या

मंडळी, आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक दृश्य दर वर्षी दिसतं. आत सभागृहात लहान मुलांचे नाच चालू असतात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मसालेभाताचा वास येत असतो, आणि बाहेर कार पार्कच्या कोपऱ्यात एका गाडीची डिकी उघडी असते. भोवती आठ-दहा पुरुष. अंगात रेशमी कुर्ता, वर जाड कोट, हातात प्लास्टिकचा ग्लास, त्यात व्हिस्की आणि कोक. थंडीने बोटं आखडलेली, तरी घाई, कारण जेवणाची पानं मांडायच्या आत परतायचं असतं. मी हे लांबून बघून लिहीत नाही. बरीच वर्षं त्या घोळक्यात मीही होतो.

गेल्या वर्षी कार्यक्रमाहून घरी येताना (गाडी नेहमीप्रमाणे बायको चालवत होती) युनिव्हर्सिटीतून दिवाळीपुरती आलेली आमची मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे काका लोक हे नक्की कोणापासून लपवता? आम्हाला सगळ्यांना पाचवी-सहावीपासून माहीत आहे." मला उत्तर सुचलं नाही. बायको समोर बघत एवढंच म्हणाली, "आणि वीस वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही, की आज गाडी तू चालवशील का म्हणून."

नाताळच्या सुट्टीत मुलीनेच मला इथे डर्बीतल्या एका पबमध्ये नेलं. म्हणाली, "तू इतकी वर्षं पितोस, पण चव कधी घेतली आहेस का?" इथे बिअर एक-तृतीयांश पाइंटच्या, म्हणजे साधारण १८९ मिलिलिटरच्या मापातही मिळते, हे मला पंचवीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिने दोन छोटे ग्लास मागवले. एक बीव्हरटाउनची 'नेक ऑइल', ४.३ टक्क्यांची हलकी आयपीए. दुसरी 'जयपूर', ५.९ टक्क्यांची. नाव राजस्थानचं, पण थॉर्नब्रिजवाले ती बनवतात इथून तासाभरावरच्या बेकवेलला.

"आधी वास घे," ती म्हणाली. मी घेतला आणि चकित झालो. पपनस! सोललेल्या पपनसाचा, संत्र्याच्या सालीचा वास. मग घोट. आधी किंचित गोडसर, मग फळाचा आंबटपणा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा कडूपणा. हलक्या ग्लासात तो कडूपणा हळूच येऊन गेला. जयपूरमध्ये तो ठाण मांडून बसला. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी, हे लेकीचं म्हणणं मला पटलं. थेट आठ-नऊ टक्क्यांच्या डबल आयपीएला हात घातला, तर 'हे औषध कोण पिणार' म्हणून माणूस कायमचा परत फिरतो.

यात परकं असं काही नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो. बार्लीला मोड आणून वाळवलं की झालं माल्ट. कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून. ही फुलं सुरुवातीला टाकून तासभर उकळली की कडूपणा उतरतो, आणि शेवटी टाकली की सुगंध टिकतो. फोडणीत काय घालायचं आणि वरून कोथिंबीर कधी भुरभुरायची, हे ज्या घरात कळतं, त्या घराला हे समजावून सांगायला नको.

राहिलं नावातलं 'इंडिया'. ते वाचून ऊर भरून येण्याचं कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला, बो इथल्या जॉर्ज हॉजसनच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बिअर चढायची आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायची. पिणारे होते कंपनीचे गोरे अधिकारी आणि व्यापारी. प्रवासात बिअर नासू नये म्हणून हॉजसनने ही नवीनच शोधून काढली, ही गोष्ट पबमध्ये हमखास ऐकवली जाते. पण फिकट रंगाची बिअर आधीपासून होती आणि उष्ण मुलखासाठी हॉप्स जास्त घालावेत हेही ठाऊक होतं. काळी पोर्टर बिअरसुद्धा हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत होती. पुढे १८२०च्या दशकात ऑलसॉप आणि बास हे बर्टनचे कारखानदार या धंद्यात उतरले. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो. 'इंडिया पेल एल' हे नाव १८३०च्या दशकात रुळलं. ते बर्टन माझ्या घरापासून अकरा-बारा मैलांवर आहे. वर्षानुवर्षं मी त्यावरून गाडी नेली, थांबलो कधी नाही.

मग आपण पार्किंगमध्ये का उभे राहतो? माझ्या मते ही सवय आपण सामानातून आणली. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो. आमच्या वडिलांच्या पिढीत 'घेणं' म्हणजे दार लावून, पडदा ओढून, वर बडीशेप चघळून करायची गोष्ट. तिकडे काळ बदलला. पुण्यात २००९मध्ये दूलालीने आपली बिअर तिथल्या तिथे बनवून विकायला सुरुवात केली, आणि आज माझे भाचे-पुतणे बायकांसह बसून कोणत्या आयपीएत कोणते हॉप्स आहेत यावर वाद घालतात. आपण मात्र आपण निघालो त्या वर्षीचं पुणं डिकीत घेऊन फिरतो.

या लपवालपवीची किंमत आहे. घाईत प्यायचं म्हणून कडक प्यायचं. अंदाजे ओतलेली शंभर मिलिलिटर व्हिस्की म्हणजे चार युनिट. मुलीने दिलेला तो पहिला छोटा ग्लास एका युनिटहूनही कमी. इथले वैद्यकीय सल्लागार आठवड्याला चौदा युनिटच्या वर जाऊ नका म्हणतात, आणि तेवढ्यानेही धोका कमी होतो, संपत नाही. दुसरी किंमत बायका भरतात, गाडीची किल्ली हातात घेऊन. तिसरी मुलं. दारू म्हणजे मोठ्यांनी अंधारात उभं राहून पटकन संपवायची वस्तू, हा धडा आपण त्यांना दर दिवाळीला देतो.

सभागृहात बार उघडा, असं मी अजिबात म्हणत नाही. जिथे लक्ष्मीपूजन होतं, जिथे आजी-आजोबा बसतात, तिथे दारू नको, हे मला मनापासून मान्य आहे. आपल्यातले अनेक जण पीत नाहीत, श्रद्धेने, प्रकृतीमुळे किंवा घरात एकाच्या व्यसनाने पोळल्यामुळे. त्यांना 'एक घोट घे रे' म्हणणं हा आग्रह नव्हे, उद्धटपणा आहे. माझं म्हणणं इतकंच: दिवाळीच्या दिवशी डिकी बंद. आणि ज्यांना हौस आहे त्यांनी वर्षातून एखादी संध्याकाळ वेगळी काढावी. पबमध्ये टेबलाशी बसावं, स्त्री-पुरुष दोघांनी. छोटी मापं, बरोबर खायला काहीतरी, शून्य टक्केवाल्या बिअरलाही तोच मान, आणि गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरलेलं, आळीपाळीने. यंदाची पहिली पाळी माझी.

रत्नागिरीला आमच्या घरी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की तुळशीपाशी डाव्या अंगठ्याने कारीट फोडायचो आणि त्याचा रस जिभेला लावायचो. जीव जाईल इतकं कडू. सगळं घर भोवती उभं राहून आमची तोंडं बघून हसायचं, आणि मगच फराळाचं ताट पुढे यायचं. आपल्या दिवाळीची सुरुवातच अशी कडू चवीने होते, उजेडात, सगळ्यांच्या देखत. कारीट कोणी अंधारात जाऊन चाखत नाही.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. यंदा मी आतच असेन. मसालेभाताच्या रांगेत पहिला.