राणीबाग आधी झाडांची

भायखळ्याच्या राणीबागेची चर्चा निघाली की ती पेंग्विन, वाघ आणि तिकीटदर यांपाशीच घुटमळते. या जागेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. माझगावच्या माउंट इस्टेट या खासगी मालमत्तेच्या जागेवर ही बाग आखली गेली, 1862 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि 1873 मध्ये तिचा कारभार महापालिकेकडे आला. प्राणिसंग्रहालय आले ते 1890 मध्ये, बागेला वाढीव जागा जोडून. म्हणजे पिंजरे येण्याआधी जवळपास तीन दशके ही वनस्पतींची बाग होती. त्यामुळे इथल्या प्रत्येक बांधकामाचा निर्णय आधी झाडांच्या हिशेबाने व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्दी प्राण्यांसाठीच होते, असे यावर सांगितले जाते. ते खरे आहे, आणि गिरणगावातल्या मुलांना स्वस्तात वाघ पाहायला मिळावा, हेही योग्यच. पण प्राणिसंग्रहालय गरजेप्रमाणे दुसरीकडेही उभारता येते. दीडशे वर्षांचा वृक्ष उचलून नेता येत नाही. आफ्रिकेतली गोरखचिंच किंवा म्यानमारची उर्वशी मुंबईकराला इथे सहज भेटते. लांब देठांवर लोंबणारी उर्वशीची लाल फुले आणि त्यांच्या पाकळीच्या टोकावरचा पिवळा ठिपका पाहायला एरवी दूरचा प्रवास करावा लागेल. पण झाडाशी नीट वाचता येईल अशी पाटी नसेल, तर शाळेची सहल त्याच्याखालून जाऊनही त्याला ओळखणार नाही. लोक झाडे पाहायला येत नाहीत, यात झाडे दाखवण्याची आपली अनास्थाही आहे.

दुसरा युक्तिवाद असा की, नव्या कामात झाड तोडले नाही तर नुकसान कसले? पण झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले किंवा खोदाईत मुळे छाटली, तर झाड लगेच पडत नाही. काही वर्षांनी वाळते, आणि तोपर्यंत ठेकेदाराचे काम संपलेले असते.

म्हणून महापालिकेने राणीबागेतील प्रत्येक वृक्षाची सद्यःस्थितीसह यादी जाहीर करावी, झाडांवर मराठी नावांच्या पाट्या लावाव्यात आणि वनस्पतितज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय तिथे कुदळ मारू देऊ नये.

– एक वाचक, मुंबई