म्युझिकमधला 'अर्थ'

पहिला बोनस फोनमध्ये जातो, दुसरा गोव्यात. तिसऱ्यापर्यंत माणूस जरा सेटल झालेला असतो, राहायला वन बीएचके असतो (भाड्याचा का होईना), आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो. आता घरी एक सॉलिड म्युझिक सिस्टिम हवी! ब्लूटूथचा डबा नको. खराखुरा ॲम्प्लिफायर, दोन दणकट स्पीकर्स, जमलंच तर टर्नटेबल.

इथपर्यंत सगळं झकास. लोचा होतो तो बिल बनताना. सेल्समन हळूच विचारतो, "आणि पॉवर केबल कुठली देऊ?"

मागे एका मित्राबरोबर अशाच एका शोरूममध्ये गेले होते. सिस्टिम त्याची, रिसर्च माझा. तरी सेल्समन सगळं त्यालाच समजावत होता. (सवय आहे आता.) त्याने अंगठ्याएवढी जाड, वर चकचकीत जाळी चढवलेली केबल काढली. "सर, बेस एकदम खुलतो. फक्त अठरा हजार." मी विचारलं, "आत किती स्क्वेअर एमएमचं कॉपर आहे?" तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही फील करायची गोष्ट आहे."

ठीक आहे, फील नंतर करू. आधी हिशेब.

समजा, ॲम्प जोरात वाजताना 300 वॅट खेचतो. आपल्याकडे व्होल्टेज 230. म्हणजे करंट झाला साधारण 1.3 अँपिअर. एक स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची केबल, लांबी दोन मीटर. जायची-यायची वायर धरून तिचा रेझिस्टन्स भरतो 0.07 ओहमच्या आसपास. म्हणजे केबलमध्ये वाया गेलं 0.1 व्होल्ट. 230 मधून 0.1! सोसायटीचा पंप सुरू झाला की घरातलं व्होल्टेज याहून जास्त हलतं. शिवाय भिंतीतून आलेली वीज ॲम्प तशीच्या तशी स्पीकरला देत नाही. आधी तिचं डीसी करतो, कपॅसिटर्समध्ये साठवतो, मग वापरतो. आणि सबस्टेशनपासून तुमच्या बोर्डापर्यंत वीज साध्यासुध्या वायरींतूनच आलेली असते. शेवटच्या दीड मीटरला जरतारी नेसवून तिचं काय होणार?

मग बघायचं काय? तीन गोष्टी. केबल थ्री-कोअर, 0.75 किंवा 1 स्क्वेअर एमएमची, आयएसआय मार्कवाली. ॲम्पकडचं टोक (कॉम्प्युटरला असतं तसंच, नाव सी-13) सॉकेटमध्ये घट्ट बसणारं. आणि भिंतीकडे नीट मोल्ड केलेला सहा अँपिअरचा थ्री-पिन प्लग. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी केबल काही शे रुपयांत मिळते. काही प्लेअर्सना इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दोन तारांचं टोक असतं. त्यांना डबल इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागतच नाही. त्यांच्याबाबत टेन्शन नको.

बाकी सगळ्यांबाबत मात्र हवं. कारण गोष्ट इथे संपली नाही.

मित्राने ती केबल घेतली नाही. सिस्टिम घरी आली, लागली आणि मागून एक बारीक 'हम्म्म' ऐकू यायला लागलं. ॲम्पच्या मेटल बॉडीवर बोट फिरवलं की झिणझिण्या. त्याचा फोन आला, "यार, ती अठरा हजारवाली घ्यायला हवी होती का?"

मी म्हटलं, "आधी प्लग काढ आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव."

इलेक्ट्रिशियनकाकांनी बोर्ड उघडला. तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती! जुनी बिल्डिंग, प्लग पॉइंट थ्री-पिन दिसायला, अर्थ नुसता शोभेचा. प्लगची वरची पिन लांब असते ती उगाच नाही. प्लग आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा, म्हणून. इथे ती लांबुडकी पिन जाऊन हवेला टेकत होती.

झिणझिण्यांचं कारणही हेच. ॲम्पच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट बॉडीकडे झिरपतो आणि अर्थमधून निघून जातो. अर्थच नसेल तर तो तुमच्या बोटाची वाट बघतो. तो करंट किरकोळ असतो. पण उद्या आतली एखादी वायर सुटून बॉडीला टेकली, तर अख्खे 230 व्होल्ट बॉडीवर. सिग्नलच्या केबल्समधून ते टर्नटेबलच्या मेटलवरही जाऊ शकतात. तेव्हा झिणझिण्या येत नाहीत. तेव्हा माणूस जातो.

घरमालक म्हणाले, "अहो, वीस वर्षांत कुणाला काही झालं नाही." मित्र एरवी गरीब गाय, पण या वेळी हटला नाही. शेवटी मेन बोर्डापासून नवी अर्थची वायर ओढली, ईएलसीबी बसवला, खर्च अर्धा-अर्धा. झिणझिण्या गेल्या, 'हम्म्म'ही गेलं.

अर्थिंग चांगलं असूनही 'हम्म्म' येत असेल, तर बहुधा ग्राउंड लूप. ॲम्प एका भिंतीवर, टीव्ही दुसऱ्या भिंतीवर आणि दोघांना जोडणारी केबल मधे. उपाय फुकट आहे. सगळी मंडळी एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. काही जण अर्थची पिन कापायचा किंवा टू-पिन ॲडॉप्टर लावायचा सल्ला देतात. आवाज जातो, खरंय. सोबत सेफ्टीही जाते. परदेशातून आणलेल्या ॲम्पचा गोल युरोपियन प्लगही आपल्या बोर्डात शिरतो, पण त्याचा अर्थ कडेच्या पट्ट्यांवर असतो आणि तो कशालाच टेकत नाही. केबलच बदला. अमेरिकेतून आणला असेल, तर मागे 120 व्होल्ट लिहिलंय का, ते लावण्याआधी वाचा.

आणि हो, तासभर गाणी ऐकून झाली की प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर तो सैल बसतोय. सॉकेट बदला. सैल कनेक्शन आवाज बिघडवतं, कधी कधी घरही पेटवतं.

तेव्हा बॉस, पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल तेव्हा पाणी चोवीस तास आहे का, पार्किंग आहे का, बॅचलर चालतात का, या यादीत एक प्रश्न वाढवा : "अर्थिंग आहे का?" ब्रोकर वेड्यासारखा बघेल. बघू दे. फील बिल सगळं ठीक आहे, पण गाण्यात आधी अर्थ हवा!