मोठी म्हणजे सुरक्षित, हे खरे नव्हे

29 मे 2021 रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. इंधन महागले की गाड्या लहान होतात, हा जुना ठोकताळा. पण 2023-24 मध्ये देशात विकल्या गेलेल्या दर दहा प्रवासी गाड्यांपैकी सुमारे सहा युटिलिटी प्रकारातल्या, म्हणजे उंच आणि वजनदार होत्या. घेणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: पेट्रोलला चार पैसे जास्त गेले तरी चालतील, घरच्यांचा जीव महत्त्वाचा, लहान गाडी म्हणजे पत्र्याचा डबा.

यात तथ्य आहे. जड आणि हलकी गाडी समोरासमोर आदळली, तर मार हलकीतल्यांना जास्त बसतो. 2014 मध्ये गाड्यांच्या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो ताशी 64 किलोमीटरने आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले.

पण दोष आकाराचा होता का? 2016 मध्ये त्याच संस्थेने धिप्पाड स्कॉर्पिओ, तीही एअरबॅगविना, तपासली. तिलाही शून्यच. उलट चार मीटरच्या आतली अल्ट्रोझ 2020 मध्ये आणि त्याहून लहान पंच 2021 मध्ये पाच तारे घेऊन आली. चांगल्या सांगाड्याच्या गाडीचे नाक चुरगळून धक्का शोषून घेते. काचेशेजारचा खांब मात्र वाकत नाही आणि चालकाच्या पायांशी जागा शिल्लक राहते. माणूस वाचतो तो या सांगाड्याने, पट्ट्याने आणि एअरबॅगने.

शिवाय, जीव कुणाचा वाचवायचा? 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली. त्यांतले 44.5 टक्के दुचाकीवरचे, 19.5 टक्के पायी चालणारे. कमी उंचीचे, उतरते बॉनेट मोठ्या माणसाच्या पायांना धडकते; उंच, सरळसोट बॉनेट छातीला किंवा डोक्याला, आणि समोर शाळकरी मूल असेल तर थेट डोक्यालाच. उंच बॉनेट पादचाऱ्यांसाठी अधिक जीवघेणे ठरते, हे अमेरिकेतल्या अभ्यासातही दिसले आहे. आत बसलेल्यांसाठी विकत घेतलेल्या या सुरक्षिततेची किंमत बाहेरचे मोजतात. मला हे अन्याय्य वाटते.

गाडीचा आकार सरकार ठरवू शकते. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले आणि कंपन्यांनी त्या मापात अख्खी बाजारपेठ उभी केली. तीच ताकद आता नेमकी वापरावी. इंधनवापराच्या नियमांत जड गाड्यांच्या कंपन्यांना मिळणारी ढील काढावी. भारत एनकॅप ही त्याच धर्तीची देशातली टक्कर-चाचणी ऐच्छिक आहे. ती सक्तीची करावी आणि पादचाऱ्याला होणारी इजा तिच्या गुणांत धरावी.

तोवर गाडी घेणाऱ्यांना एकच विनंती: शोरूममध्ये लांबी-उंची विचारण्याआधी त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा, आणि त्यात सांगाडा स्थिर राहिला की नाही ते वाचा.